दादाचं ‘कोणजाईल’

दादाला कॉम्प्युटर कुणी शिकवला नव्हता. तो मुळातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. उघडलेल्या यंत्रात मान घालून बसायचं आणि ते बोलायला लागेपर्यंत उठायचं नाही, हा त्याचा स्वभाव. पुढे टीव्ही दुरुस्त करून घेणारी माणसं कमी झाली, तसा तो त्याच चिकाटीने प्रोग्रॅमिंगकडे वळला. जे जे हाती लागायचं ते धाकट्या बहिणीला शिकवायचा. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात भिरकावून ती त्याच्या खुर्चीच्या हातावर चढून बसायची आणि पडद्यावर काय चाललंय ते बघत राहायची. मोठी झाल्यावर ती रीतसर शिकली, नावाजलेल्या कंपनीत लागली, दादाला ठाऊक नव्हत्या अशा कितीतरी गोष्टी तिला यायला लागल्या. तरी कुणी विचारलं तर ती सांगायची, “मला माझ्या दादाने शिकवलं.” पुढे पुढे तिने ते सांगणं सोडून दिलं. कोणी विचारत नव्हतं म्हणून, असं ती स्वतःची समजूत घालायची.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. वडील कधीच गेले होते. आईचं सगळं दादा आणि वहिनी बघायचे. आईला उठवून बसवायला, अंग पुसायला, भरवायला एका एजन्सीकडून सिस्टर यायच्या. एजन्सी चालवणाऱ्या बाई पूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, म्हणून सगळे त्यांना अजून मेट्रनबाईच म्हणत. त्या रोज सकाळी फोन कानाला लावून बसायच्या आणि जी सिस्टर मोकळी सापडेल तिला जे घर रिकामं दिसेल तिथे धाडायच्या. त्यामुळे आईच्या खाटेपाशी सारखा नवा चेहरा. आणि नवा चेहरा दिसला की आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. घास घ्यायची नाही, कूस बदलू द्यायची नाही. ‘ही कोण आता?’ एवढंच डोळ्यांनी दादाला विचारायची. आधी येऊन गेलेली सिस्टर आली, की तीच आई शहाण्या मुलासारखी तोंड उघडायची.

दादाने हे काही दिवस पाहिलं आणि मेट्रनबाईंकडे गेला. म्हणाला, “तुमचा हा सकाळचा गोंधळ मी कॉम्प्युटरवर बसवून देतो. फक्त माझी एक अट. ज्या घरात जी सिस्टर रुळली, तिलाच शक्यतो परत तिथे पाठवायचं.”

मेट्रनबाई हसल्या. “अहो, हे माझ्या डोक्यात राहत नाही म्हणून तर गोंधळ आहे. तुमच्या मशीनच्या डोक्यात राहणार असेल तर सोन्याहून पिवळं.”

तेव्हा दादाने ते फंक्शन लिहिलं. जावास्क्रिप्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. त्याचं नाव त्याने ठेवलं ‘कोणजाईल’. अक्षरं इंग्रजी, शब्द आपला. फंक्शन म्हणजे काय, तर एक छोटं कामकरी खातं. त्याला काहीतरी द्यायचं, ते त्यावर विचार करून उत्तर परत देणार. कोणजाईलला घर सांगायचं आणि दिवस सांगायचा, ते सांगायचं त्या दिवशी त्या घरी कोण जाईल. दादाने त्यात आपला सगळा जीव ओतला होता. कुठल्या घरी जिना आहे, कुठल्या सिस्टरची पाठ दुखते, कुठल्या आजोबांना ऐकू येत नाही, सगळ्याला त्यात जागा होती. दिसायला ते वाकडंतिकडं, लांबलचक. पण मेट्रनबाईंच्या सकाळी शांत झाल्या. आईच्या खाटेपाशी दोन-तीन ओळखीचे चेहरेच आलटून पालटून यायला लागले. आई गेली ती त्यांतल्याच एकीच्या हातून पाणी पिऊन.

आईच्या पश्चात मेट्रनबाईंच्या ओळखीने आणखी एजन्सी आल्या आणि दादाच्या हौसेचा धंदा झाला. एका चष्म्याच्या दुकानावर त्याने दोन खोल्या घेतल्या. आतल्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर, मधे खिडकी. धाकटीला फोन करून म्हणाला, “येतेस का? मला एकट्याला झेपत नाही आता. आणि दुसऱ्या कुणाला माझं लिहिलेलं कळायचं नाही.”

धाकटी नोकरी सोडून आली. वहिनीने त्या दिवशी दोन डबे भरले आणि मग रोजच भरत गेली.

पहिल्याच आठवड्यात धाकटीने कोणजाईल उघडून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि कपाळाला हात लावला.

“दादा, हे सगळं पुन्हा लिहू या. याच्यात एवढे फाटे आहेत, की कुणी नवा माणूस आत शिरला तर बाहेर येणार नाही.”

“नवा माणूस शिरणार कशाला? मी आहे ना.” दादाने मान वर न करता सांगितलं. “त्याला हात लावू नकोस. काय बदलायचं ते मला सांग, मी बदलतो.”

तो बदलायचाही. पण दादाचं बदलणं म्हणजे आधी विचार करणं. तो खिडकीशी उभा राहायचा, खाली रस्त्यावर एक चक्कर मारून यायचा, घरी वहिनीशी बोलायचा, मेट्रनबाईंना फोन करून भलतंच काहीतरी विचारायचा. तोवर इकडे गिऱ्हाईक धाकटीचा कान खात असायचं. एका एजन्सीची तक्रार होती, की सिस्टर लांब लांब पाठवल्या जातात, प्रवासातच थकून जातात. धाकटीने दादाला सांगितलं. दादा म्हणाला, “बरोबर आहे त्यांचं. पण ओळखही महत्त्वाची आहे. दोन्हीचा मेळ घालायला पाहिजे. थोडा वेळ दे.”

थोडा वेळ म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिने वेगळा मार्ग काढला.

जावास्क्रिप्टमध्ये एखाद्या फंक्शनला स्पर्शही न करता त्याचं वागणं बदलता येतं. जुनं फंक्शन दुसऱ्या नावाने बाजूला धरून ठेवायचं आणि त्याच्या नावावर आपलं नवं फंक्शन आणून बसवायचं. हाक मारणाऱ्याला पत्ताच नसतो. तो जुन्याच नावाने हाक मारतो, ओ देतं नवं. नवं फंक्शन आत जाऊन जुन्याला विचारतं, त्याचं उत्तर घेतं, आणि मग ते जसंच्या तसं पुढे द्यायचं, बदलायचं की टाकून द्यायचं, ते आपलं आपण ठरवतं. याला ‘रॅप करणं’ म्हणतात. गुंडाळणं. सगळेच करतात, त्यात चोरटं असं काही नाही. धाकटीने दादाच्या कोणजाईलवर असं एक वेष्टन चढवलं. दादाचं उत्तर जवळच्या सिस्टरचं असलं तर ते चालायचं. लांबच्या सिस्टरचं असलं तर वेष्टन ते बाजूला सारायचं आणि जवळात जवळ जी मोकळी असेल तिचं नाव द्यायचं. कोणजाईल सगळ्या एजन्सींना मिळून एकच होतं, म्हणून वेष्टनही सगळ्यांनाच लागू झालं.

दादाच्या फाइलमधली एक ओळही बदलली नव्हती. हात लावू नकोस म्हणाला होता, तिने लावला नव्हता.

सांगायचं तिच्या मनात होतं. पण एजन्सीवाले खूश झाले, आणि दादा अजून खिडकीशी उभा राहून त्या मेळाचा विचारच करत होता. आता त्याला काय सांगणार, की तुझा विचार होईपर्यंत मी काम उरकून टाकलं? त्याला वाईट वाटेल. उद्या सांगू. मग दुसऱ्या एजन्सीचं काहीतरी निघालं आणि तिने पहिल्या वेष्टनावर दुसरं चढवलं. मग तिसरं. काम इतकं सोपं होऊन बसलं, की दादाला विचारायची सवयच मोडली. तो विचारायचा, “त्या लांबच्या प्रवासाचं काय झालं गं?” ती म्हणायची, “ते हल्ली तक्रार करत नाहीत.” हे खोटं नव्हतं.

मग एका सकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे दादाला केला.

“अहो, तुमच्या मशीनला विसर पडायला लागलाय का? माझ्याकडच्या एका आजींकडे इतके दिवस जी सिस्टर जायची ती सोडून हल्ली भलतीच जाते. आजी रडतात हो.”

दादाचा चेहरा उतरला. “माझंच काहीतरी चुकलं असेल,” तो म्हणाला. “बघतो लगेच.”

समोरच्या टेबलावर धाकटी बसली होती. तिला तत्क्षणी कळलं. आजींची सिस्टर घर बदलून लांब राहायला गेली असणार. दादाचं फंक्शन तिचंच नाव देत असणार आणि आपलं वेष्टन ते उडवून लावत असणार. एक वाक्य बोलायचं होतं. ‘दादा, ते तुझं नाही, माझं आहे.’ ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं. तिला वाटलं, तो बाहेर चक्कर मारायला जाईल, तेवढ्यात गुपचूप दुरुस्त करून टाकू. पण त्या दिवशी दादा जागचा हललाच नाही.

तो आपल्या फाइलमध्ये चूक शोधत राहिला. एकेक ओळ बोट लावून वाचत गेला. मधेच स्वतःशी पुटपुटायचा, “हे तर बरोबर आहे... हेही बरोबर आहे...” डबा खायला उठला नाही. धाकटीने चहा नेऊन ठेवला, तो निवला. दुपारी तो डोळे चोळत म्हणाला, “धाकटे, माझं डोकं चालेनासं झालंय का गं? मला यात चूक दिसतच नाही.”

“मिळेल,” ती म्हणाली.

शेवटी त्याने जुन्या दुरुस्तीवाल्याची युक्ती केली. तार कुठे तुटलीय ते कळत नसेल तर एका टोकाला दिवा लावून बघायचा. त्याने फंक्शनचं उत्तरच बदलून टाकलं. कुठलंही घर असो, कुठलाही दिवस असो, कोणजाईलने एकच सांगायचं, ‘बटाटा’. प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर सगळ्या घरांपुढे सिस्टरांची नावं नीटनेटकी उमटली.

दादाला आधी हसू फुटलं. “अगं, बघ तर! बटाटा पाठवतोय, तरी सिस्टरच पोहोचतेय!”

धाकटी हसली नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचंही हसू ओसरलं. मग त्याने मान वळवली आणि आपली फाइल सोडून बाहेरच्या फाइलींत शोधायला लागला. ती वेष्टनं सापडायला त्याला फारसा वेळ लागला नाही. एकावर एक, व्यवस्थित लिहिलेली, प्रत्येकावर तिची टीप. त्याने ती सगळी वाचली. ती जागच्या जागी बसून होती.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“झाले काही महिने. दादा, मी सांगणारच होते...”

“छान लिहिलंयस,” तो म्हणाला. उपरोध नव्हता त्यात. असता तर तिला सोसला असता. “स्वच्छ आहे. माझ्यासारखे फाटे नाहीत. फक्त त्या आजींचं बघ.” त्याने बटाटा पुसला, पहिलं होतं तसं करून ठेवलं, न उघडलेला डबा उचलला आणि घरी गेला.

त्यानंतर तो ऑफिसात आला नाही असं नाही. आला, पण पाहुण्यासारखा. सगळे पासवर्ड, सगळे फोन नंबर, कुठल्या गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं ते, एकेक करून तिच्या हवाली करत गेला. आणि एके दिवशी सांगितलं, की कानाची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानात दुरुस्तीला माणूस हवाय, तिथे जातोय. धाकटीने खूप विनवण्या केल्या. तो म्हणाला, “अगं, रागावलो नाही मी. माझ्या हाताला असलंच काम बरं.”

वहिनीने मात्र तिला एकदा गाठलं. “रागावला असता ना, तर मी तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून भांडायला लावलं असतं. हा रागावतच नाही. याचं काय करायचं?”

त्या दिवसापासून डब्याला धाकटीनेच नाही म्हणून सांगितलं. वहिनीला उगाच त्रास, असं म्हणाली.

पुढच्या वर्षी एक फार मोठी एजन्सी आली, दुसऱ्या शहरातली. त्यांना सगळं नवं, त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेत बसवून हवं होतं. धाकटीने तिथे एक गोष्ट मनाशी ठरवली. तिथे वेष्टनं नेणार नाही. तिथे दादाचं कोणजाईल जसंच्या तसं चालवायचं. ते नीट चाललं की एक दिवस दादाला घेऊन जायचं आणि पडद्यासमोर उभं करून म्हणायचं, ‘बघ, तुझंच आहे. मी बोटही लावलं नाही.’ माफी मागायला तिला तोंड नव्हतं. तिला वाटलं, ही माफी आपोआप मागितली जाईल.

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनची हुबेहूब दुसरी प्रत काढायची तयार सोय नाही. फार तर त्याचा मजकूर उचलायचा आणि नव्या जागी नेऊन पुन्हा उभा करायचा. धाकटीने तेच केलं. नव्या जागी फंक्शन पहिल्यांदा चालवलं तेव्हा ते अडलं. त्याला ‘ओळखी’ नावाची एक यादी हवी होती. दादाच्या फाइलमध्ये ही यादी फंक्शनच्या आत नव्हती, बाहेर होती, आणि फंक्शन तिथून ती वाचायचं. धाकटीला घाई होती. हे दादाचं जुनंपुराणं काहीतरी उरलेलं दिसतंय, असं तिला वाटलं. तिने त्या नावाची एक रिकामी यादी करून दिली. फंक्शन मुकाट्याने चालायला लागलं. सगळ्या चाचण्या पास झाल्या.

एकदा तिच्या मनात आलं, की दादाला विचारावं, ही ओळखी काय भानगड आहे? फोन हातात घेतलाही. पण मग तो विचारेल, कुठे वापरतेयस, कशी वापरतेयस, आणि बोलता बोलता ते दुसरं सगळं निघेल. तिने फोन ठेवून दिला.

नवी एजन्सी सुरळीत चालली आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. प्रत्येक घरी रोज वेळेवर सिस्टर पोहोचत होती, तक्रारीला जागाच नव्हती. पावसाळा उलटून गेल्यावर एक फोन आला. फोन करणारी बाई एजन्सीचं नाव घेऊन विचारत होती, की कुणाला कुठे पाठवायचं हे ठरवणारं माणूस कोण आहे, मला त्याच्याशी बोलायचंय. एजन्सीने तिला धाकटीचा नंबर देऊन आपली सुटका करून घेतली होती.

“माणूस नाही ठरवत,” धाकटी म्हणाली. “प्रोग्रॅम ठरवतो. मी लिहिलाय.” क्षणभर थांबून तिने शब्द बदलला, “मी बसवलाय.”

“मग तुम्हीच या,” ती बाई म्हणाली. “फोनवर सांगण्यासारखं नाही.”

धाकटी गेली. तळमजल्यावरचं छोटं घर होतं. दाराची चौकट एका बाजूने फुटलेली, कुलपाच्या जागी भोक. आत ती बाई सामान बांधत होती. तिचे वडील निवृत्त पोस्टमन. एकटे राहायचे. हल्ली त्यांना विसर पडायचा, पण हात धरून चालवलं तर चालायचे, समोर ताट ठेवलं तर जेवायचे. मुलगी लांबच्या गावी नोकरीला, म्हणून तिने एजन्सी लावली होती.

“रोज नवी बाई यायची हो,” ती दोरीची गाठ मारता मारता सांगत होती. “सगळ्या चांगल्या होत्या, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण विचार करा. तुम्हाला काही आठवत नाही, आणि रोज सकाळी एक अनोळखी बाई घरात शिरते आणि तुमचे कपडे काढायला लागते. बाबा घाबरायला लागले. मी एजन्सीला सांगितलं, एकच ठेवा. ते म्हणाले, सिस्टम ठरवते. मग बाबा बेल वाजली की खाटेखाली लपायला लागले. आणि एक दिवस आतून कडी लावली, दाराला टेबल लावलं आणि उघडलंच नाही. ती सिस्टर बेल वाजवून वाजवून निघून गेली. ‘घर बंद’ असं लिहून गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली, तीही तसंच लिहून गेली. तिला तरी काय माहीत, रोज दार कोण उघडतं ते? शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा बाबा जमिनीवर पडलेले होते. ओठ सुकून गेलेले.”

धाकटीने विचारलं, “आता कसे आहेत?”

“आहेत. वृद्धाश्रमात ठेवलंय. आता ते मलाही दार उघडत नाहीत. म्हणजे, तिथे दार नाहीच, पण मी गेले की भिंतीकडे तोंड करतात.” ती उठून उभी राहिली. “मी तुम्हाला शिव्या द्यायला बोलावलं होतं. पण तुम्ही पोरसवदाच दिसता. एवढंच सांगा, तुमच्या त्या प्रोग्रॅमला एवढंही कळत नाही का, की काल कोण आलं होतं?”

“कळायचं,” धाकटी म्हणाली. “आधी कळायचं.” याचा अर्थ त्या बाईला कळला नाही, आणि समजावून सांगायची धाकटीला हिंमत झाली नाही.

तिथून आपल्या शहरात परतली ती थेट दादाच्या दुकानात गेली. दुकान अरुंद होतं, पुढे काचेचं कपाट, मागे दादाचं टेबल. डोळ्याला भिंग लावून तो नखाएवढ्या यंत्रात काहीतरी करत होता. तिला पाहून त्याने भिंग काढलं. तिने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. पोस्टमनकाकांचं दार फोडावं लागलं, तेही सांगितलं.

दादाने मजकूर वर-खाली केला. फार शोधावं लागलं नाही.

“ओळखी रिकाम्या आहेत गं,” तो हळूच म्हणाला.

“मीच दिली रिकामी.”

“सिस्टर घरातून निघताना फोनवर ‘झालं’ म्हणून दाबते बघ. ते दाबलं की माझ्या फाइलच्या तळाशी एक बारकं फंक्शन आहे, ते ओळखीत एक नोंद टाकतं. ही या घरी जाऊन आली, एवढीच. कोणजाईल ते वाचतं. तू कोणजाईल नेलंस. ते बारकं तिथेच राहिलं. इथे नोंद टाकणारं कुणी नाही. मग याला रोज सगळेच अनोळखी.”

धाकटीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. फंक्शन आपल्या भोवतीच्या गोष्टी धरून असतं, नुसता मजकूर उचलला तर त्या मागे राहतात, हे तिने नोकरीच्या मुलाखतीत घडाघडा सांगितलं होतं. नव्या मुलींना फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. अडाणीपणामुळे झालं असतं तर एक वेळ तिने स्वतःला माफ केलं असतं.

दादा दुकानाच्या मालकाला सांगून तिच्याबरोबर ऑफिसात आला. दोघं एका पडद्यापुढे बसली. त्याने ते बारकं फंक्शन नव्या जागी आणलं, तिने एजन्सीच्या जुन्या नोंदींवरून ओळखींची यादी भरली. “हे इथे घाल.” “असं?” “हं.” संध्याकाळपर्यंत काम संपलं. किती तरी वर्षांनी ती दोघं अशी खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि त्या अवघ्या वेळात धाकटीला एक वेडी आशा वाटत होती.

“दादा,” ती म्हणाली, “ते वेष्टनांचं... मी चुकले. तुझ्या फंक्शनवर मी...”

“फंक्शनचं काही नाही गं.” त्याने लॅपटॉप मिटला. “कोडच तो. कुणीतरी बदलायचाच. मला सुचत नव्हतं, तुला सुचलं, त्यात काय? पण त्या दिवशी मी सकाळपासून माझीच चूक शोधत होतो, आणि तू समोर बसली होतीस. मी तुला विचारलं, माझं डोकं चालेनासं झालंय का. तेव्हाही बसूनच होतीस.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “मला खरंच वाटायला लागलं होतं, की आता आपल्याला जमत नाही. अजून मधेमधे वाटतं.”

ती रडायला लागली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि लगेच काढूनही घेतला.

“परत ये ना,” ती म्हणाली.

“नको. तिथे लोक यंत्र कानात घालतात आणि लगेच सांगतात, ऐकू आलं की नाही. मला ते बरं वाटतं.”

नव्या एजन्सीत आता ओळखीच्या सिस्टर ओळखीच्या घरी जातात. पोस्टमनकाका आपल्या घरी परतले नाहीत. धाकटी एकदा त्यांना वृद्धाश्रमात बघून आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ती कोण हे सांगायला तिलाही धीर झाला नाही. मेट्रनबाईंकडची वेष्टनं तिने एकेक करून काढून टाकली, आणि ओळख व अंतर यांचा जो मेळ दादा खिडकीशी उभा राहून शोधत होता, तो स्वतः शोधत बसली. तो सोपा नव्हता. आता खिडकीशी तीच उभी राहायला लागली.

तो मेळ अर्धामुर्धा जमल्यावर एका दुपारी तिने दादाला फोन केला. उत्तर तिला ठाऊक होतं, तरी विचारलं. “दादा, एक अडलंय. कोणजाईलमध्ये अंतर आधी बघू की ओळख आधी? तुझं काय मत?”

पलीकडे दुकानात कुणाशी तरी तो मोठ्याने, सावकाश बोलत होता, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलावं तसा. मग फोनवर आला.

“तुला योग्य वाटेल तसं कर,” तो म्हणाला. आवाजात माया होती, कुठेही कडवटपणा नव्हता. “थांब हं, गिऱ्हाईक आहे. वहिनीला फोन कर एकदा, आठवण काढत होती.”

“करते,” धाकटी म्हणाली, आणि त्याने फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तो कानाला लावून बसली.